त्याले पानी भेटलं का

माझा धाकटा भाऊ सीमेवरच्या लढाईत कामी आला, आणि तेव्हापासून माझी माय भेटेल त्या वर्दीवाल्याला एकच गोष्ट विचारायला लागली. “त्याले पानी भेटलं का?” जिल्ह्याहून आलेल्या साहेबांना तिनं विचारलं, त्याच्या पेटीबरोबर आलेल्या जवानांना विचारलं, आरमोरीच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या होमगार्डलाही विचारलं. तो बिचारा इकडेतिकडे बघून म्हणाला, “बाई, नळ तिकडे आहे ना.”

मी तोंडाची फटकळ आहे. आरमोरीत माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या सगळ्या बायकांना ते ठाऊक आहे. त्या दिवशी मायला गावी सोडायला नेताना रस्ताभर मी तिला बोलले. “माय, तो होमगार्ड होता. त्याले का मालूम?”

“वर्दी तर होती ना त्याच्या अंगावर,” माय म्हणाली.



आमच्याकडे माणूस जायला लागला की घरातलं कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी घालतं. चमचाभर पाणी आणि त्यात तुळशीचं पान, एवढंच. पण त्यासाठी वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ धावत येतात, सासरी रुसून बसलेल्या लेकी येतात. माझ्या आजोबांच्या वेळी काका बैलबाजारातून तसेच पळत आले होते, आणि त्यांना चमचा हातात धरता आला म्हणून ते जन्मभर समाधानी राहिले. “तुह्या तोंडात पानी घालाले कोनी राहनार नाई,” ही आमच्या गावातली शेवटची शिवी. एवढी शिवी कुणी दिली की पंचायत बसलीच म्हणून समजा.

आणि मायच्या पोराची पेटी आली ती बंद.

नागपूरहून ती गाडीनं आली. वाटेतल्या गावांत शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी होती, बायांनी रस्त्यावर सडे घातले होते. आमच्या अंगणात पेटी ठेवली तेव्हा माय आतून पाण्याचा गडवा आणि तुळशीचं पान घेऊन आली. पेटीजवळ उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाली, “उघडा.” ते साहेब वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. “माताजी, नहीं खोल सकते.” त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. त्यांना जे माहीत होतं ते आम्हाला दाखवायचं नव्हतं. पण माय गडवा धरून तशीच उभी राहिली. शेवटी काकूनं तिच्या हातातून तो काढून घेतला आणि पाणी तुळशीत ओतलं.

मग सगळं रीतीनं झालं. बंदुकांची सलामी झाली, घडी केलेला झेंडा बाबांच्या हातात दिला गेला. पुढाऱ्यांची भाषणं झाली. चौकात मोठा बॅनर लागला. त्यावर पुढारी मधोमध हात जोडून आणि माझा भाऊ वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी तो बॅनर उतरवायला लावला, माझी बोलणी ज्यांनी खाल्ली त्यांना ती अजून आठवत असतील. नवीन बॅनरवर भाऊ मोठा आला, पण छापणाऱ्यानं त्याला जाड मिशी काढून दिली होती. माझ्या भावाला मिशी धड येतच नव्हती. सुट्टीवर आला की आरशासमोर उभा राहून तो ती बोटानं मोजायचा आणि मी त्याला चिडवायची. त्या बॅनरखाली उभी राहून मी हसले आणि मग मला रडू आवरेना.

त्यानं नेमकं काय केलं ते आम्हाला हळूहळू, तुकड्यातुकड्यानं कळलं. तोफगोळे पडत असताना एक जवान उघड्यावर पडला होता, त्याला यानं दगडाआड ओढून आणलं. मग दुसऱ्यासाठी गेला. दुसरा बेशुद्ध होता, त्यालाही आणलं, पण तोवर याला लागलं होतं. दोघंही वाचले, हा गेला. हे सांगणारे साहेब फार चांगल्या शब्दांत सांगायचे. बाबा मान खाली घालून ऐकायचे. माय शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “ते समजलं. त्याले पानी भेटलं का?” ताकाला जाऊन भांडं लपवायची माझ्या मायला सवयच नाही. साहेब लोक गोंधळायचे. कुणी म्हणायचं, माताजी, तो अमर झाला. कुणी म्हणायचं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. एकानं तर आमच्या गावच्या नळयोजनेची चौकशी करतो म्हणून सांगितलं. माणसं वाईट नव्हती. त्यांच्याजवळ त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि नाही म्हणायची त्यांची छाती होत नव्हती.

मी किती ठिकाणी फोन केले! प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठवायचा. खरं सांगायचं तर फोन करताना मला भीतीच वाटायची की कुणीतरी उत्तर देईल.

मग मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं आणि मायबाबांना दिल्लीला बोलावणं आलं. माय म्हणाली, मी नाई येत. मी म्हटलं, “अवं माय, तिथी सगळे मोठे लोक राह्यतात. त्यांना तरी मालूम असन.” हे मी तिला घरातून बाहेर काढायला म्हटलं होतं. तिनं ते मनावर घेतलं आणि निळ्या काठाचं लुगडं काढलं.

दिल्लीत सगळ्यांनी आम्हाला फुलासारखं जपलं. एक ताई मायच्या मागंपुढं असायच्या. कुठून चालायचं, कुठं थांबायचं, कधी हात जोडायचे, हे त्यांनी तिला पुन्हा पुन्हा शिकवलं, आणि तिथं काही बोलायचं नाही हेही हळूच सांगितलं. मोठ्या दालनात माय उभी राहिली. माझ्या भावाची शौर्यगाथा वाचली गेली, आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत. मी मागच्या ओळीतून मायकडे बघत होते. ती मान वाकडी करून एकेक शब्द ऐकत होती. पराक्रम आला, अदम्य साहस आलं, सर्वोच्च बलिदान आलं. पानी हा शब्द आला नाही.

पदक हातात पडलं तेव्हा माय शिकवलेलं विसरली, किंवा विसरली नाही. तिनं मान वर करून तिचा प्रश्न विचारला. समोरच्या मोठ्या व्यक्तीनं वाकून ऐकलं. आमच्या झाडीपट्टीची बोली त्यांना काय कळणार? पण त्यांनी मायचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. ते सगळं टीव्हीवर दिसलं. गावात परतल्यावर जो तो विचारायचा, माय तिथी का बोलली? बाबा सांगायचे, आशीर्वाद देल्ला तिनं.  माय दुसऱ्याच दिवशी शेतावर गेली.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, माझ्या दुकानात एक मुलगा आला. मी मशीनवर होते आणि एका बाईला तिच्या मापावरून ऐकवत होते. दारात एक सडपातळ पोरगा उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नागपूरच्या संत्रा बर्फीचा डबा, आणि एका पायानं अधू. “दीदी की दुकान यही है?” त्यानं विचारलं. “वो कहता था, पीछे वाली गली में जिस दुकान में औरतें डांट खाती मिलें, समझना मेरी दीदी की है.”

माझा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. त्यानं सांगण्याआधीच मला कळलं होतं. ज्याला माझ्या भावानं आधी ओढून आणलं, तो हा. उत्तरेकडच्या पहाडी मुलखातला. पाय बरा व्हायला इतके दिवस लागले, म्हणून यायला उशीर झाला, असं म्हणून तो माझ्या पाया पडायला वाकला. त्याला नीट वाकताही येत नव्हतं.

त्याला पाणी द्यायचंही मला सुचलं नाही. मी मशीनवर कापड टाकलं, दुकान तसंच शेजारणीच्या स्वाधीन केलं आणि त्याला स्कूटीवर मागं बसवून गावाकडं निघाले. वाटेत मी सांगितलं, “मेरी मां एक बात पूछेगी.” काय विचारेल तेही सांगितलं. तो म्हणाला, “हां.”  मी माझ्याच विचारात होते, म्हणूनच तो दिवस कोणता आहे हे माझ्या डोक्यातून साफ गेलं.

तो आमच्या रोवणीचा शेवटचा दिवस होता. सगळीकडे असंच असतं की नाही मला माहीत नाही, पण आमच्या गावात शेवटच्या बांधीतल्या चिखलात धान लावून होत आलं की धुऱ्याच्या बांधावरून जाणारा पुरुष कोरडा सुटत नाही. मग तो जावई असो की शेताचा मालक. बायका त्याला चिखल फासतात, आणि त्यानं सगळ्यांचं तोंड गोड केल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. एकदा मतदारयादीचं काम घेऊन आलेले गुरुजी सापडले होते. ते पुढं कितीतरी दिवस लांबच्या रस्त्यानं जायचे. घरात कुणी वारलं असलं तरी हे चुकत नाही. चिखल लागला नाही तर धान रुसते म्हणतात.

मी स्कूटी लावत होते तोवर तो पुढं धुऱ्यावर चालायला लागला होता. पांढरा शर्ट बघून बायकांना कोण आनंद झाला असेल! काकू सगळ्यांत पुढं. मी ओरडले, “अवं थांबा, तो कोन आहे पाहा तरी,” पण तोवर पहिला गोळा त्याच्या छातीवर बसला होता. मग दोन्ही बाजूंनी सुरू झालं. तो पळाला नाही. हातातला डबा छातीशी धरून, डोळे मिटून तो सावधानमध्ये उभा राहिला, परेडला उभे राहतात तसा. बायकांना ते फारच आवडलं. त्याचा चेहरा पार चिखलानं भरला तेव्हा तो हसायला लागला. “उसने बताया था,” तो मला म्हणाला. “कहता था, मेरे गांव आओ तो दुश्मन से नहीं, औरतों से बचना.”

मग मी बायकांना तो कोण आहे ते सांगितलं.

काकूच्या हातातला चिखल तसाच राहिला.  काकू पुढं झाली आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली. तिचा पदर त्याच्या शर्टापेक्षा मळलेला, त्यामुळं होतं ते आणखी पसरलं. त्यानं डबा उघडून तिच्यापुढं धरला, जणू दंड भरतोय. काकूनं एक वडी घेतली आणि ती तोंडात न घालता रडत उभी राहिली.

माय बांधीतून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, कंबरेला खोचलेलं लुगडं, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी. तिनं पेंढी धुऱ्यावर ठेवली आणि त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. “चाल बाबू, धुऊन घे,” म्हणाली. शेताला लागूनच आमची बोडी आहे, लहानसं तळं, पावसाळ्यात काठोकाठ भरतं. काठावरच्या दगडावर तिनं त्याला बसवलं, गडव्यानं पाणी घेतलं आणि त्याच्या हातांवर धार धरली. तो हात चोळू लागला.

“त्याले पानी भेटलं का?” मायनं विचारलं.

मला वाटलं, आता हा हो म्हणेल. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं होतं ते यासाठीच. त्याचे हात चोळायचे थांबले. तो मायकडे न बघता हिंदीत बोलू लागला, थांबत थांबत. भावाला पोटात लागलं होतं. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं, दिलं तर जीव जातो, असं त्यांना शिकवलेलं. याचा पाय फुटलेला, हलता येत नव्हतं, पण पाण्याची बाटली कमरेला होती. मदत निघाली आहे असा निरोप आला होता. “मुझे लगा बच जाएगा. वो मांगता रहा, मांजी. मैंने नहीं दिया.”

माय माझ्याकडे वळली. “का म्हनते?”

“देल्लं म्हनते,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की माझं मलाच कळलं नाही.

माय माझ्याकडे बघतच राहिली. रागानं नाही. “एवढी हिंदी मलेही समजते वो बाई,” ती म्हणाली. तिनं गडवा दगडावर ठेवला, धुऱ्यावरची पेंढी उचलली आणि बांधीत उतरून पुन्हा धान लावायला लागली. पाठ आमच्याकडे करून, एका ओळीत, जणू इथं कुणी आलंच नव्हतं.

मला त्या मुलाचा असा संताप आला की त्याला त्या बोडीत ढकलून द्यावंसं वाटलं. “झूठ बोलने में क्या जाता था तुम्हारा?” मी त्याच्यावर ओरडले. “दो अक्षर का तो काम था.”

“दीदी, मैं झूठ बोलने ही आया था,” तो म्हणाला. “घर से रटके निकला था. मांजी ने हाथ पर पानी डाला, फिर नहीं बोला गया.”

यावर माझं फटकळ तोंड बंद झालं. चिखल वाळून त्याच्या गालावर तडकला होता आणि त्यातून डोळ्यांचं पाणी वाट काढत होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मी आजवर ते फक्त आमच्या घराबद्दलच खरं मानत आले होते. हा पोरगा ते पाणी मागणं इतके दिवस एकटा ऐकत होता, आणि माझा भाऊ शेवटी काय बोलला हे जगात फक्त यालाच माहीत होतं.

बाबा पेंढ्या टाकायचं काम सोडून धुऱ्यावर येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते त्याच्या शेजारी दगडावर बसले.

बऱ्याच वेळानं माय परत आली. हातांवरून ओला चिखल निथळत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. “त्याचा हात कोनाच्या हातात होता?”

मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण त्याला समजलं होतं. “मेरे,” तो म्हणाला.

“आखरीपर्यंत?”

“हां मांजी. बाद में भी. जो लेने आए, उन्होंने छुड़ाया.”

मायचा बांध तेव्हा फुटला. पेटी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तिनं त्याचा हात धरला, आपल्या चिखलाच्या हातात, आणि त्यावर डोकं टेकवलं. तो कासावीस होऊन नुसता “मांजी, मांजी” म्हणत राहिला. धुऱ्यावरच्या बायका सगळ्या खाली बसल्या होत्या.

“त्यानं जगावं म्हनूनच नाई देल्लं ना तुनं?” डोकं वर करून तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. 

“मंग मी होती तर मीही नसतं देल्लं,” माय म्हणाली. तिनं पदरानं नाक पुसलं. “पन तो तसाच गेला. आता दे.”

त्याला कळेना. मलाही आधी कळलं नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं ओंजळीतून पाणी सोडतात. ते घरच्यानं सोडायचं असतं, मुलानं, भावानं, बापानं. मायनं बाबांकडे पाहिलं, कारण तो हक्क त्यांचा होता. बाबांनी आभाळाकडे बघितलं. “देऊ दे त्याले,” ते म्हणाले.

मी त्याला समजावून सांगितलं. तो उठला, बूट काढले, पँट वर दुमडली. त्याच्या पोटरीवर भला मोठा व्रण होता. बाबांनी खांद्याला धरून त्याला बोडीत उतरवलं. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यानं ओंजळ भरली, पण ती वर येईपर्यंत बोटांच्या फटींतून निम्मं गळून गेलं. उरलेलं त्यानं हळूहळू सोडलं आणि हात जोडून मायकडे पाहिलं.

“एवढुशानं का होते?” माय काठावरून म्हणाली. “तहान बहुत लागे त्याले. अजून दे.”